सफरचंदाच्या झाडाखाली

१७ जानेवारी २०१५, क्वीन्सटाउन

शेजारच्या मार्टिनचे वडील आज गेले. आमच्या डोळ्यांदेखत, व्हिडिओ कॉलवर.

इंग्लंडमधल्या त्यांच्या खेड्यात ते सफरचंदाची दारू करायचे, सायडर. जानेवारीत एका रात्री सगळं गाव बागेत जमतं, सगळ्यात जुन्या झाडाच्या मुळाशी सायडर ओततं आणि भांडी बडवतं, झाड चांगलं फळावं म्हणून. माझ्या इराला ते बघायचं होतं. गेल्या रविवारी मार्टिन आत चहा करत असताना मीच त्यांना फोनवर म्हटलं, "आमच्या संध्याकाळी कराल का?" त्यांनी आनंदाने मान डोलावली.

म्हणून आज ते तिकडच्या सकाळी, गोठलेल्या गवतातून एकटेच गेले. इकडे आमच्या घरात मी आणि इरा थाळ्या बडवत होतो. ते झाडाशी वाकले आणि घसरले. फोनमध्ये नुसत्या फांद्या दिसायला लागल्या. मला वाटलं, झाडच दाखवताहेत. मी थाळी बडवतच राहिले. किती वेळ, कोण जाणे. "आई, स्टॉप लाह! आजोबा नॉट टॉकिंग," इरा तिच्या इथल्या शाळेतल्या इंग्रजीत ओरडली, तेव्हा थांबले.

गावातलं माणूस पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

ती थाळी घासून ठेवलीय. तिच्यात कुणाला वाढायला हात धजत नाही.

मार्टिन आत्ताच विमानतळावर गेला. लिफ्टपाशी म्हणाला, "दरवर्षी रात्री जायचे, गावाबरोबर. आज सकाळी एकटे कशाला गेले असतील?"

सांगायला हवं होतं. मी त्याची बॅग उचलून लिफ्टमध्ये ठेवली.