पालखी दारावरून गेली त्याबद्दल

बिरवाडी,
२१ मार्च २०२५

ती. श्रीपतदादास,

धाकट्या राजश्रीचा नमस्कार. मी बरी आहे. कंपनीत पॅकिंगला आहे, या आठवड्यात पहिली पाळी. आईचा खोकला कमी आहे. पत्र पाहून हसशील, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. कागद मध्येच बोलत नाही.

काल ओरडलास, "तुझ्यापायी पालखी आपल्या दारावरनं पुढं गेली. बापजाद्यांत असं कधी झालं नाय. केस मागं घे नि भरतकडं जा." गावकीनं तसं ठरवलंच होतं. राजी नवऱ्यावरची केस मागे घेईपर्यंत देवी त्या घरी थांबणार नाही. शिमग्याला दार कोरडं राहिलं की माणसं आपोआप वाकतात, असं त्यांना वाटतं.

तिकडे मुंबईत गावच्या मंडळातल्यांनी तुला एवढंच सांगितलं. पुढचं मी सांगते.

आई सडा-रांगोळी करून अंगणात उभी होती, सेजलवहिनी ओटीचं ताट घेऊन. ढोल दारापर्यंत आला, खांदेकऱ्यांनी माना वळवल्या आणि पुढे गेले. आई मटकन खाली बसली. आणि तुझी बायको, जी तुझ्यापुढे तोंडातून शब्द काढत नाही, ती ताट घेऊन पालखीमागे निघाली. देवळापुढच्या सहाणेच्या चौथऱ्यावर पालखी टेकली, तशी थेट पुढे गेली. येसाजीकाका आडवे आले. "तुमच्या घरची ओटी चालायची नाय."

"काका, तुमी पालखी उचलता, तुमी देवी नाय," वहिनी म्हणाली. "ओटी बाईनं भरायची असती. सरका."

सरकले रे! मग खालच्या आळीतल्या बायका आपापली ताटं घेऊन आल्या, घरी ओटी भरून झालेल्यासुद्धा. वहिनीनं हे तुला सांगितलेलं नाही. आज ती आईला माझ्याकडे सोडायला आली आहे. इथून ती मुंबईला तुझ्याकडे निघेल, हे पत्र तिच्याच हाती देते. तू वाचशील तेव्हा ती समोर उभी असेल.

एकटी बाई भाड्यानं राहते, शोभतं का, असंही म्हणालास. एकटी कुठे आहे? महाडच्या महिला केंद्रातल्या उज्वलाताईंनी ही खोली पाहून दिली. पोलीस ठाण्यात, दवाखान्यात, वकिलाकडे त्या सोबत होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी "तू काय केलंस?" असं विचारलं नाही. "जेवलीस का?" म्हणाल्या. मी तिथेच रडले.

मागच्या महिन्यात भरत मोटारसायकल घेऊन चाळीत आला. शेजारच्या प्रयागबाईंनी पळीनं थाळी बडवायला घेतली. तो आमचा ठरलेला इशारा आहे. दारादारांतून बायका थाळ्या बडवत बाहेर आल्या. शिमगा आधीच झाला म्हण! पळताना त्याची एक चप्पल राहिली. नळाजवळ पडली आहे, कुणी उचलत नाही.

दादा, मी तुला नेहमी एवढंच सांगितलं की तो मारतो. मार सांगता येतो. मी नको म्हणायचे, हात जोडायचे, त्यानंतर तो जे करायचा ते आईलाही सांगता आलं नाही. उज्वलाताईंना सांगितलं. सगळं सांगितलं. लाज माझी नव्हती हे तेव्हा कळलं.

पण तुला ठाऊक होतं. गणपतीत मी पळून आले तेव्हा वहिनीनं मला न्हाऊ घातलं, माझ्या मांड्यांवरचे चटके पाहिले आणि तुला बाहेर बोलावून सांगितलं. मी आतून ऐकत होते. तू म्हणालास, "नवराच हाय ना तो." गौरी गेल्यावर मला गाडीवर बसवून परत सोडून आलास. वाटेत पोलादपूरला भजी खाऊ घातलीस. त्या भज्यांचा मला अजून संताप येतो.

येत्या मंगळवारी महाडच्या कोर्टात माझा जबाब आहे. केस मागे घेणार नाही. वहिनी साक्षीला येणार आहे. तिला अडवलंस तर थाळ्या मुंबईतही मिळतात. यायचं असेल तर तिच्याबरोबर ये आणि त्या दिवशी काय ऐकलंस ते सांग. गावकीत बसायला येणार असशील, तर येऊ नकोस.

आईची काळजी करू नकोस. थाळी कधी बडवायची, ते प्रयागबाईंनी तिला आजच शिकवलं.

जिला आता कुठेही परत सोडून येता येणार नाही, ती तुझी धाकटी बहीण,
राजश्री