नसलेले डोहाळे

७ जानेवारी १९५७, सोमवार

डबा आजही शाळेमागच्या बकरीला. भाकरी, वालाची उसळ, कांदा. ती आता मधल्या सुट्टीत माझी वाटच बघत उभी असते. पोरं डबे उघडतात तेव्हा मी वर्गात फेऱ्या मारते. कुणी काय आणलंय ते मला हजेरीपेक्षा पक्कं पाठ. पोरांना वाटतं, बाई मायाळू. कसली माया न् कसलं काय! वास घेत फिरते नुसती.

घरी सांगते शाळेत जेवले, शाळेत सांगते घरून जेवून आले. दोन्हीकडे खपतं.

१० जाने., गुरु.

हे गोदीतून आले ते तसेच संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभेला निघाले होते. निवडणूक आलीय, घर म्हणजे धर्मशाळा. दोन घास खायला बसले, आणि माझ्या ताटाकडे बघून एकदम, "तू सोमवार धरतेस का गं अजून?"

म्हटलं, नाही.

"मग सोमवारी ताट कोरडं का होतं? नागपूरला काय शपथ घेतली आपण?"

पुढे अर्धं भाषण. शपथ काय यांनी एकट्यांनी घेतली? मीही घेतली, मनापासून. परत आल्यावर भिंतीवरचे देव उतरवले तेव्हा स्टुलावर चढून खिळे मी उपटले. हे म्हणाले, आजपासून या घरात उपासतापास बंद. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीपण वाजवल्या. आणि मनात मोजत होते. सोमवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, सगळं एका फटक्यात गेलं. आता न जेवायला कारण काय सांगायचं?

मला देव नकोच होता. उपास हवा होता. हे यांना कसं सांगू? मलाच धड कळत नाही.

१५ जाने.

सासूबाईंचं तिसरंच. दुपारी जवळ येऊन हळूच, "कर गो तू, मी बाबल्याला सांगायची नाय. पोरासाठीच करतंस ना?" (बाबल्या म्हणजे हे.) आणि माझी भाकरी स्वतःच्या पदराखाली. मी मान हलवली. काय करणार? भाकरी तर गेली.

एकाला वाटतं मी धम्म बुडवला, दुसरीला वाटतं देव राखला.

गेल्या वर्षी गोळीबाराच्या दिवसांत संचारबंदी होती, चाळीत पीठ नव्हतं, पोरं रडत होती. मी एकटी सुखात होते. कुणी जेव म्हणत नव्हतं. असलं सुख! थू माझ्यावर.

२२ जाने., मंगळ.

सकाळी यांनी समोर बसवून भात खायला लावला. हे बाहेर पडल्यावर मोरीत जाऊन सगळा काढला. शेजारची पारू दारातच उभी. हसली. "काय गं, कितवा?"

मी काही बोलायच्या आत सासूबाई पुढे. पाळी कधीची? ऑक्टोबरपासून नाही, ते खरंच होतं. झालं! संध्याकाळपर्यंत अख्ख्या मजल्याला कळलं.

मी नाही म्हणणार होते, देवाशप... (जुनी सवय). पण सासूबाईंनी लगेच ताट बाजूला केलं. "नको तर नको खाव. पयले म्हयने असंच जातंत."

आणि मी गप्प बसले.

२७ जाने., रवि.

काय खावंसं वाटतं? काय खावंसं वाटतं? काय खावंसं वाटतं? जी येते ती हेच विचारते. पारूने चिंच आणली, समोरच्या वहिनीने खीर, खालच्या आजीने सुकट भाजून. समोर बसून बघतात, गिळते की नाही. सुटले म्हणत होते, चांगली अडकले.

आणि आज हे माटुंग्याहून इडल्या घेऊन आले, केळीच्या पानात बांधून. लग्नाला तीन वर्षं झाली, कधी गजरा आणला नाही. कधीतरी मीच म्हणाले होते म्हणे, तिथल्या इडलीचा वास छान येतो. लक्षात ठेवलं होतं. "मुलगी झाली तर शिकवायची, तुझ्यापेक्षा जास्त," असं म्हणाले आणि लाजले चक्क.

हे पाणी प्यायला उठले तेव्हा इडल्या पारूच्या पोरांच्या हातात कोंबल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

४ फेब्रु., सोम.

वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता कोसळले. शुद्धीवर आले तर मुलं रडतायत. हेडबाई पाणी शिंपडत म्हणाल्या, "अशा दिवसांत जपावं." त्यांनाही कळलंय!

बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. पहिल्यांदा भीती वाटली. हे मी करत नाहीये, हे आता माझ्याकडून होतंय. कुणाला तरी सांगायला हवं, नाहीतर मी मरेन. आणि सगळे म्हणतील, बाळंतपणात गेली.

६ फेब्रु., बुध.

परळला इस्पितळात एकटी गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "दिवस गेलेले नाहीत. अंगात रक्तच नाही, पाळी येणार कुठून?" मला माहीत होतं.

मग म्हणाल्या, काल काय काय खाल्लंत ते सांगा. मी धडाधडा सांगितलं. तांदळाची भाकरी, माठाची भाजी, बोंबलाचं कालवण, सासूबाईंनी दोनदा भात घेतला, यांनी कांदा मागितला...

"हे घरात शिजलं ते झालं. तुमच्या पोटात काय गेलं?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. रडू आवरेना. त्यांनी रडू दिलं. मी विचारलं, हा आजार आहे का? म्हणाल्या, आहे, आणि एकटीच्यानं बरा होणारा नाही. घरी सांगा. मनाच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली.

८ फेब्रु., शुक्र.

सांगितलं. सगळं. मोरी, बकरी, इडल्यासुद्धा.

हे आधी एवढंच म्हणाले, "म्हणजे मूल नाही?" मग सुटले. "माझ्या बापानं लोकांचे शिळे तुकडे मागून आम्हाला जगवलं. आणि तू चांगलं अन्न बकरीला घालतेस? आणि आता वेड्यांच्या डॉक्टरकडे जाणार?"

सासूबाई, "देव सोडलंव, म्हणून झाला ह्या."

यांचा पारा चढला. मायलेकरं देवावरून कडाकडा भांडली. मी मधे बसून राहिले, ताट तसंच. भांडण माझंच, पण माझ्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

१० फेब्रु., रवि.

सासूबाईंनी चाळीत सांगितलं, पडलं म्हणून. दुसरं काय सांगणार! पारू नाचणीची पेज घेऊन आली आणि माझ्या गळ्यात पडून रडली. खरी रडली बिचारी. नसलेल्या पोरासाठी तिच्या डोळ्यांत पाणी, माझे कोरडे. पेज सासूबाई प्यायल्या, माझ्याकडे पाठ करून.

हे दोन दिवस बोलत नाहीत.

१४ फेब्रु., गुरु.

हे आले बरोबर. फाटकापर्यंतच. आत कुणी ओळखीचं भेटलं तर?

मनाचे डॉक्टर वयस्कर, शांत. कधीपासून, विचारलं. ट्रेनिंग कॉलेजातल्या खाणावळीचं सांगितलं. तिथे आम्हा पाच मुलींच्या ताटात वाढपी, विटाळ नको म्हणून, हातभर वरून टाकायचा. आमटी परकरावर उडायची. एके दिवशी ताट सरकवलं, म्हटलं, नको मला तुमचं. त्या दिवशी ताठ चालले. न जेवता ताठ चालता येतं, हे तेव्हा कळलं. पण बाकीच्या चौघी तेच खाऊन धडधाकट आहेत, मलाच का? डॉक्टर म्हणाले, ते हळूहळू बघू, आधी जेवण.

अर्धी भाकरी, वाटीभर वरण, रोज. समोर घरचं माणूस हवं. आणि जेवल्यावर तासभर मोरीकडे जायचं नाही. पुढच्या गुरुवारी परत.

बाहेर आल्यावर यांना सांगितलं. म्हणाले, "एवढंच? यासाठी डॉक्टर कशाला लागतो?"

उलटून बोलणार होते. नाही बोलले. फार दमले होते.

१७ फेब्रु., रवि.

तीन दिवस सासूबाई समोर बसल्या. बसल्या म्हणजे भिंतीकडे बघत. मी खाल्लं, आणि तिन्ही दिवस त्या उठल्यावर काढून टाकलं. तेही लिहून ठेवते.

आज अर्धी भाकरी आणि वरण पोटात गेलं. घास दगडासारखा बसतो. अंगावर कुणी काहीतरी चढवत असल्यासारखं वाटतं. सासूबाई पारूकडे गेल्या. यांनी सदरा घातला, समितीची पत्रकं बगलेत मारली. लालबागला सभा.

मोरी चार पावलांवर.

मी म्हटलं, "अहो, जाऊ नका."

"का? काय झालं?"

"तुम्ही गेलात की मी काढून टाकीन. मला आवरत नाही."

लग्न झाल्यापासून यांच्याकडे मी काही मागितलं नव्हतं.

यांचा एक पाय चपलेत. खालून माणसं हाका मारतायत, "चला हो, उशीर होतोय!" हे मोरीकडे बघत होते, मग माझ्याकडे. असे बघत होते, की ही बाई कोण.

मग खिडकीतून ओरडले, "तुम्ही व्हा पुढे." मोरीच्या दाराशी पाट टाकून बसले. तासभर तिथून हलले नाहीत. रागावले होते की काय, कळलं नाही. मी मुठी आवळून बसले. भाकरी पोटात राहिली.

उद्याही सभा आहे.