तिसऱ्या पिंपातलं थोडंसं

प्रिय चिमणे,

फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू मध्येमध्ये प्रश्न विचारून माझी गाडी रुळावरून उतरवली असतीस, म्हणून कागद घेऊन बसले आहे. आधी मोठी बातमी: माझी वाइन पास झाली! बावीस वर्षं प्रयोगशाळेत दुसऱ्यांच्या वाइनचा आंबटपणा मोजण्यात गेली. यंदा पहिल्यांदाच वायनरीच्या मालकांनी मिश्रण मला करायला सांगितलं. तीन पिंपं, तीन जातींची द्राक्षं, आणि अट एकच, जेवणाबरोबर ती शोभली पाहिजे.

आठवडाभर मी काचेच्या मापाने थेंब थेंब जुळवत होते. पहिल्या पिंपातली लाल वाइन दाट, दमदार; दुसऱ्यातली मिरीसारखी झणझणीत. दोन्ही मिळून असं काही जमलं की मी स्वतःवरच खूश. तिसऱ्यातली फिकट नि आंबटसर, तिच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. बाटली भरून ऐटीत स्वयंपाकघरात गेले. मालकांचं जेवण आमचे आचारीबुवा रांधणार होते. सहा फूट उंच, बोलणं अगदी मोजकं. त्यांनी भाजलेल्या मटणाचा घास खाल्ला, वर एक घोट घेतला, पुन्हा एक घास. मग म्हणाले, “मॅडम, वाइन हुशार आहे, पण जेवणाला बोलूच देत नाही.”

माझा नुसता तिळपापड झाला. बाटली उचलून तरातरा घरी आले, आणि रागारागाने तीच वाइन घेऊन जेवायला बसले. तर खरंच की गं! जेवणाची चव गायब, जिभेवर नुसता तुरटपणा.

दुसऱ्या दिवशी मुकाट्याने तिन्ही पिंपांचे नमुने घेऊन त्यांच्या ओट्याशी उभी राहिले. पुढे सहा संध्याकाळी तोच उद्योग. ते मटणात मीठ-मिरी कमीजास्त करायचे, मी पेल्यात वाइनचं प्रमाण. शेवटी तिसऱ्या पिंपातलं थोडंसं घातलं, आणि घास असा खुलला की आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसत सुटलो. त्यांची बायको जाऊन नऊ वर्षं झाली, तरी हात अजून दोघांपुरतंच रांधतो म्हणाले. मीही तुझ्या बाबांबद्दल बोलले. ते गेल्यापासूनच्या अकरा वर्षांत त्यांच्याविषयी हसत हसत बोलायची ही पहिलीच वेळ.

शुक्रवारी मालक जेवायला बसले. मटण, बाजूला मशरूम नि परतलेले कांदे. पहिला घोट घेतला, वर एक घास खाल्ला. मग त्यांनी ताट पुढे करून आणखी मटण मागितलं, पेला पुन्हा भरून घेतला, आणि सोमवारपासून बाटल्या भरायला घ्या म्हणाले. मला तर नाचावंसं वाटत होतं!

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. काल भांडी आवरताना आचारीबुवांनी विचारलं, “उरलेली वर्षं माझ्याबरोबर जेवाल?” मी लगेच हो म्हणाले. मग मात्र तुझा चेहरा डोळ्यांसमोर आला. तुला राग येईल, रडू येईल, येऊ दे. फक्त माझ्याशी अबोला धरू नकोस. रविवारी ये. तुझ्या आवडीचं काय करू, असं विचारून विचारून त्यांनी मला भंडावून सोडलंय. मी सांगितलेलं नाही. ते तूच त्यांना सांग.

तुझीच,
या वयात लाजणारी आई