डाव्या हाताची हॉकी

४ नोव्हेंबर १९७९, चिखला
दिवाळी संपली, परत मामाकडे. निघताना बाबांनी बजावलं, "शाळेसाठी ठेवलं तुले तिथं. खेळाले नाही." आमच्या एकोडीत हॉकी कोणी पाहिलीच नाही, त्यांना काय सांगणार? आईने दिलेला चिवडा मामाच्या थोरल्या मुलाने, गुणवंतादादाने, येताक्षणी अर्धा केला. यापुढे त्याला नुसतं दा. लिहीन.
दा. इथल्या खाण कॉलनीच्या ज्युनिअर हॉकी टीमचा सेंटर हाफ, समोरच्याला मधेच अडवणारा. म्हटलं, मला शिकव. म्हणाला, "तूच भेटला पायजे होता मले." जेवताना हसूच येत होतं.

६ नोव्हें.
टीमच्या स्टिक क्लबच्या खोलीत कुलपात. टीममध्ये असेल त्यालाच मिळतात. दा.ने बोरीची वाकडी फांदी तासून दिली. चांगली आहे, सगळीकडून गोल.
मी डावखुरा. जेवताना आई हातावर चापट मारते, चौथीत गुरुजींनी पट्टी मोडली. दा. म्हणाला, "डाव्यानंच खेळ बे. समोरच्याले समजलंच नाही पायजे चेंडू कुठून आला."
माझ्या डाव्या हाताला आजवर कोणी चांगलं म्हटलं नव्हतं.

११ नोव्हें.
दोन्ही गुडघे फुटले. मैदान म्हणजे खाणीतला काळा चुरा दाबून केलेलं. मामीने हळद लावली, "तुझ्या मायले काय तोंड दाखवू मी?"
रोज तेच. मी चेंडू घेऊन डावीकडून यायचं, दा.ने अडवायचं. अडवलं की परत. दमलो म्हटलं तर म्हणतो, "अजून एक डाव."

१८ नोव्हें.
आज दा.ला चकवून पुढे गेलो! तो मागे वळेपर्यंत चेंडू दोन दगडांच्या मधून पार. कुंपणावर टीमची पोरं बसली होती, खूप हसली. दा.वर हसत असतील.
एक विचारलं. खऱ्या स्टिकची एक बाजू चपटी, ती काहून? आणि ही पोरं सारखी काठी फिरवून चपटी बाजू का आणतात? मला तर फिरवावी लागत नाही. दा. म्हणाला, "मशीनवर तशीच बनते. त्याईची सवय आहे. तुले नाही फिरवावी लागत, हा तुझा फायदा."
पटलं.

२५ नोव्हें.
निवडीची तारीख ठरली, ९ डिसेंबर. शाळेचे खेळाचे सर कॉलनीची टीम नव्याने निवडणार, मग टीम नागपूरला शिबिराला. मी परभारेच नाव देऊन आलो. दा.ला सांगितलं. तो म्हणाला, "एवढी घाई काहून करून राहिला?" दिलं नाव तर दिलं.

२ डिसें.
बाबांचा निरोप, धान कापायला ये. उलटा निरोप पाठवला, निवड झाली की येतो. तिकडे आरडाओरडा झाला असेल. पण टीमची स्टिक घेऊन अंगणात उभा राहीन ना, तेव्हा बघू काय म्हणतात. खेळ म्हणजे वेळ घालवणं नाही, हे त्यांना एकदा दिसलं पाहिजे. त्यासाठी टीममध्ये यायलाच हवं.

९ डिसें.
लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.
आज निवडीला पहिल्यांदा खरी स्टिक हातात. चेंडू आला, डाव्याने मारला, शिट्टी. परत मारला, परत शिट्टी. वाटलं, शिट्टी दुसऱ्या कोणासाठी असेल. सरांनी खेळ थांबवला. "पाठीनं काय मारतोस? चपट्या बाजूनंच मारायचा. गोल बाजू लागली की फाऊल." म्हटलं, सर, मी डावखुरा. सर चिडले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, "डावी स्टिक बनतच नाही पोरा. सगळे उजव्यानंच खेळतात. शिकवलं कोणी तुला?"
मी दा.कडे पाहिलं. तो बुटाची नाडी बांधत होता. बांधलेलीच होती.
कुंपणावरून एक जण ओरडला, "अबे गुणवंता, अजून सांगतलंच नाही का त्याले?"
म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. ती पोरं माझ्यावरच हसत होती, रोज. आणि मी त्यांच्यासमोर ऐट करत होतो.
दा. निवडला गेला. मी

१० डिसें.
काल पुढे लिहवेना.
विचारलं दा.ला तोंडावर. म्हणतो, "सांगतलं असतं तर तू दुसऱ्याच दिवशी सोडलं असतं. मंग मले कोण होता? उलट्या बाजूनं येणारा गडी रोज अडवला, म्हणून तर मी निवडलो गेलो." वर म्हणाला, "तुझे उपकार आहेत बे."
शाबासकी द्यावी तसं म्हणाला. थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.
मामीने त्याच्यासाठी कोथिंबिरीची सांबारवडी केली. माझ्या ताटात जास्तच वाढली. हळूच म्हणाली, "मी म्हटलं होतं रे त्याले, सांगून टाक लेकराले." म्हणजे मामीसुद्धा! हळद लावत होती आणि माहीत होतं. ताट सारलं आणि उठलो. मामा म्हणाले, "भाऊच आहे, सोड ना." भाऊ आहे म्हणूनच सुटत नाही.

१३ डिसें.
दा.शी बोलत नाही. तो बोलतो, मी ऐकू न आल्यासारखा. फांदी मामीच्या चुलीत घातली. ओली होती, नुसता धूर.

१६ डिसें.
सरांनी बोलावून क्लबची एक जुनी स्टिक दिली. "पाय चांगले आहेत तुझे. उजव्यानं शिक. उन्हाळ्यात परत बघू." बाबांना अजून काहीच कळवलेलं नाही.

१९ डिसें.
उजवा हात म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी. चेंडू जिथे जाऊ नये तिथेच जातो. एकटाच खेळतो. कुंपणावरच्या पोरांकडे पाहत नाही.

२० डिसें.
दा. उद्या नागपूरला. संध्याकाळी मैदानावर आला, लांबच उभा राहिला. मग म्हणाला, "डावा हात वर धर, शेंड्याले. उजवा खाली. जोर डाव्यानंच लागते."
मी त्याच्याकडे न बघता हात बदलले. चेंडू सरळ गेला. परत मारला, परत सरळ.
तो काहीतरी बोलायचं म्हणून थांबला होता, की मी बोलेन म्हणून, माहीत नाही. मी मामाची सायकल काढली आणि सरांच्या घरी गेलो, हात असाच धरतात का ते विचारायला. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, गावी गेलेत, सोमवारी येतील.