मागायचं वाक्य

बाई, आज अंगात कणकण आहे म्हणून ओटीवर पडून राहिले आणि तुमची आठवण आली. हल्ली आठवायलासुद्धा दम लागतो. जव्हारात तुम्हाला 'हंगेरीच्या बाई' म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही. तुमचे यजमान, आमचे साहेब, संस्थानच्या बागेवर देखरेखीला आले आणि तापाने गेले. मग लढाई लागली, तुमचं परतणं राहिलं. शेवटच्या तापात साहेब इंग्रजी, मराठी सगळं विसरले, नुसती तुमची हंगेरीची भाषा बोलत राहिले. त्यांचं बोलणं कळायला तुम्ही होतात. "माझं कोणाला कळणार?" असं तुम्ही तुमच्याकडे भांडी घासणाऱ्या माझ्या आईला विचारलंत, आणि उत्तराची वाट न बघता मला ती भाषा शिकवायला स्वयंपाकघरात पाटावर बसवलंत.

तुमची भाषा तशी मला जड गेली नाही. बाई असो की बुवा, क्रियापद एकच. मागतो-मागतेची भानगड नाही. करणारा कोण, ते क्रियापदाच्या शेपटीवरून कळतं. हवी ती वस्तू घ्यायची, तिला शेवटी 'त' चिकटवायचा, आणि जोर जिच्यावर ती क्रियापदाच्या लगेच आधी ठेवायची. विझेत केरेक, पाणी मागते. दुसरं कुणी नाही, मीच मागते, असं असलं तर 'मी' त्या जागी येऊन बसतो आणि पाणी मागे सरकतं: एन केरेक विझेत. हे सगळं तुम्ही वाटी आणि पळी मागेपुढे सरकवून शिकवायचात.

झाड बघते, गाणं म्हणते, सगळं मी घडाघडा म्हणायची. फडक्याखाली पाव ठेवून तुम्ही म्हणालात, "माग." मी 'केन्येरेत', म्हणजे पाव, इथपर्यंत येऊन गप्प; 'केरेक' काही तोंडातून निघेना. पुन्हा तेच. "डोकं आहे की दगड?" तुम्ही ओरडलात, आणि मी उपाशी घरी गेले. तुमचा राग आला होता मला, खूप.

दुसऱ्या दिवशी आई हात पुसत तुमच्यासमोर उभी राहिली. "बाई, पोरीला येतं सगळा. पन आमच्यात मांगत नाय. घरचा मानूस तोंड बघून देतो. देतील तं खायाचा, नाय तं उठायचा."

 तुम्ही जमिनीवर मांडी घालून बसलात, आईने बांधून आणलेल्या नागलीच्या भाकरीकडे बघत माझ्यापुढे हात केलात. केन्येरेत केरेक. मी तुकडा मोडून दिला. "तेशेक," म्हणजे घ्या. तेव्हापासून मागणाऱ्या तुम्ही आणि देणारी मी.

तुमचं दुखणं आलं तेव्हा वैद्य, आचारी, सगळे खाटेभोवती गोळा झाले. "काय बडबडतात या?" आचारी विचारतो. "पाणी मागतात," मी सांगते. दिवसभर तुम्ही मागत होतात आणि मी चमच्याने घालत होते. एकही शब्द वाया जाऊ दिला नाही, बाई. संध्याकाळी तुम्ही मागायच्या थांबलात.

हे लिहून पाठवायचं कुठे? उशाखालीच राहील. आत्ता सून येऊन विचारून गेली, "आई, काही हवंय?" मी नको म्हटलं. घसा कोरडा पडलाय. तुम्ही एवढं शिकवलंत, पण मला अजूनही मागवत नाही.