धाकट्याची चौकशी झाली तेव्हा

बाबा, परवा धाकट्याचा वर्ध्यात सत्कार झाला. हवाई दलात रडारवर सुरुवात केली आणि निवृत्त होताना सैन्याच्या उपग्रहांचं काम त्याच्या हाताखाली होतं, असं सगळं वाचून झाल्यावर त्यानं माइक घेतला. म्हणाला, "आमच्या बाबांनी ताईत आणि माझ्यात कधी फरक केला नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात मांडीवरच ठेवले.

रडारवरून उपग्रहांच्या कामासाठी त्याची निवड व्हायची होती, ते ऐंशीच्या सुरुवातीचे दिवस. मी सेवाग्रामला नर्स होते, सुट्टीवर केळझरला घरी आले होते. साध्या कपड्यांतला एक माणूस चौकशीला आला. आधी शेजाऱ्यांकडे विचारून आला, मग आपल्या ओसरीवर बसला. मी चुलीवर चहा ठेवते आहे, कान बाहेर आहेत. "बाहेरदेशातून कोणाची पत्रं येतात का घरी?" तुम्ही हसलात. "आमाले कोन लिहिन साहेब? वांगे का टमाटे?" तोही हसला, चहा पिऊन गेला.

आणि माझ्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर, बाबा? आयर्लंडला परत गेल्यावरही वर्षातून दोनदा मला लिहायच्या, त्या कोण होत्या? तिकडे पुढचं शिक्षण घेण्यासाठी माझ्या प्रवेशाचे कागद त्या पाठवणार होत्या. हे तुम्हाला मीच सांगितलं होतं. तेव्हा म्हणालात, "तुले काऊन जा लागते तिकडं? इथं रोगी सरले का?"

कागद आले नाहीत. पुढे पत्रंही बंद झाली. पोस्टमन घरचं टपाल मळ्यात तुमच्याच हाती द्यायचा. त्याला विचारलं, तर आधी तुमच्याकडे पाहिलं आणि मग म्हणाला, "नाई बाई, काईच नाई." माझ्या पत्राचं उत्तर तुमच्या तोंडावर लिहिलेलं होतं का? पुढच्या सुट्टीत मी वांगी तोडत होते. किडीसाठी तुम्ही झाडांवर चुलीतली राख टाकायचात. त्या राखेत बोटभर जळका कागद सापडला, काठाला लाल-निळे पट्टे, परदेशातून विमानानं येणाऱ्या पाकिटाला असतात तसे. मी तो तुमच्यापुढे धरला. "सरकारी कागद असन कोनता," म्हणालात आणि टोपली उचलून चालू लागलात. सरकार अशी नटवी पाकिटं कधीपासून वापरायला लागलं, हे तेव्हाच विचारायला हवं होतं.

धाकटा तिकडे बढत्या घेत गेला, मी इथे वॉर्ड सांभाळत राहिले. तुम्ही गेल्यावरही मनात एकच प्रश्न: जाळलं ना?

आता माझंही ऐका. सिस्टरांचा पत्ता मला तोंडपाठ होता. पोस्ट ऑफिस दवाखान्यापासून दोन मिनिटांवर. कागद मिळाले नाहीत, दवाखान्याच्या पत्त्यावर पुन्हा पाठवा, एवढंच लिहायचं होतं. लिहिलं नाही. तो माणूस पुन्हा आला आणि धाकट्याची नेमणूक अडली तर, ही धास्ती तुमच्याइतकीच मलाही होती. तुम्ही मला विचारलं असतंत, तर मी आपणहून म्हणाले असते, राहू द्या, नाही जात. विचारलं मात्र नाहीत.