कोरी सोडलेली जागा

लालबाग, शके १८१५, पौष वद्य तृतीया

झांजीबारहून मुलाचं पत्र आलं. तिथल्या अनाथ पोरांच्या जेवणासाठी गावोगाव डफ घेऊन गातोय, आणखी चार महिने येत नाही म्हणतो. परक्या पोरांना पोसतोय, चांगलंच आहे. इथे त्याची लेक विचारते, बाबा दिसतो कसा?

ही रोजनिशी मी सांगते, सून लिहिते. त्याचं नाव आलं की ती तेवढी जागा कोरी सोडते.

“अगं, कागदाला कान असतात होय?”

“आत्याबाई, नवऱ्याचं नाव कसं लिहू?”

म्हणजे या घरात त्याचं नाव घेणारी मी एकटीच. आज जेवताना दाराकडे तोंड करून उगाच हाक मारली, “______ रे!”

सून आधी हसली. मग पदर डोळ्यांना लावून म्हणाली, “आणखी एकदा मारा ना.”

हेही लिही गं.